कॅसेटची दुसरी बाजू



‘आवडते अल्बम आणि ते का ऐकावेत’ यावर लिही, असा संपादक मंडळाचा निरोप आला. अल्बम सांगायचे तर ते आपल्यापर्यंत पोचले कसे हेही सांगायला हवं. म्हणून हा आपल्या वर्गाच्या ऐकण्याचा छोटासा इतिहास. शेवटी एक कबुली आहे आणि एक विनंतीही.

आपण १९८६ साली दहावी झालो. तोवर कळव्यात गाणी यायची ती मुख्यतः रेडिओवरून. ‘आपली आवड’ लागली की चाळीतल्या सगळ्या खोल्यांतून एकच आवाज यायचा. पण रेडिओ गाणं सुटं द्यायचा. आधी काय, नंतर काय, याचा पत्ता नसायचा. जुन्या ७८च्या तबकडीवर तरी एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचंच गाणं मावायचं. एल. पी. आली आणि एका बाजूला वीसेक मिनिटं मिळाली. मग संगीतकारांना गाण्यांची ओळ लावता आली. एल. पी. वाजवायचं यंत्र मात्र आपल्यापैकी फार थोड्यांच्या घरी होतं.

ती अडचण कॅसेटने सोडवली. आखातातून सुट्टीवर येणाऱ्यांनी टू-इन-वन आणले. खाडीपूल ओलांडून ठाण्यात गेलं की कोऱ्या कॅसेटी मिळायच्या. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. तिच्यात एक एल. पी. बसायची, वर थोडी जागा उरायची. दोन टेप समोरासमोर ठेवून आपण नकला करायचो. घरात सगळ्यांनी गप्प बसायचं, कुकर लावायचा नाही. लोकलला कोण गप्प बसवणार? माझ्या एका नकलेत गाडीचा भोंगा आहे. आज मूळ अल्बम ऐकला की त्या जागी काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं.

आता अल्बम. पहिला ‘कॉल ऑफ द व्हॅली’, १९६७चा. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस यात रागांतून उलगडतो. सुरुवात अहीर भैरव आणि नट भैरवने, मग पिलू. बाजू उलटली की संध्याकाळचा भूप, पुढे देस आणि शेवटी पहाडी. मधलाच एक तुकडा ऐकला तर वादन छान वाटेल, पण दिवस मावळल्याचं कळणार नाही.

दुसरा ‘राम श्याम गुणगान’, १९८५चा, म्हणजे आपण दहावीच्या वर्गात गेलो त्या वर्षीचा. भीमसेन जोशी आणि लता मंगेशकर, शब्द पंडित नरेंद्र शर्मांचे, संगीत श्रीनिवास खळ्यांचं. इतके वेगळे दोन आवाज एकमेकांना जागा कशी देतात, हे ऐकण्यासाठी तो ऐकावा.

तिसरा ‘शिवकल्याण राजा’. शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली त्या १९७४ सालचा. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं, आवाज लताबाईंचा. शिवकाळातले समर्थ रामदास आणि कवी भूषण, विसाव्या शतकातले सावरकर, असे कवी इथे एका माळेत आहेत. ती माळ ओवतं ते बाबासाहेब पुरंदऱ्यांचं निवेदन. एकेकटं गाणं लागलं की नेमकं तेच गळायचं. निवेदनासकट पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ओळखीच्या गाण्यांचा अर्थ लागला.

तो मला आपल्याच वर्गातल्या एका मित्राच्या कॅसेटमुळे ऐकायला मिळाला. त्याचे बाबा कारखान्यात पाळीवर जायचे. कुणाकडून तरी एल. पी. मिळवून त्यांनी ती भरून आणली होती. मी आठवडाभर ती कॅसेट वाजवली. शेवटचं गाणं संपलं की बटण बंद करायचो. पुढे कोरी फीत असणार असं मी धरूनच चाललो होतो. कॅसेटच्या पाठीवरचे प्लास्टिकचे दोन तुकडे मोडले की तिच्यावर पुन्हा भरता येत नाही. ते मोडलेले नव्हते. मी लाल बटण दाबून उरलेल्या जागेत रेडिओवरचं एक सिनेमाचं गाणं भरलं. मित्राला भेट म्हणून!

कॅसेट परत केल्यावर दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, “अरे, शेवटी बाबा बोलले होते.” आईचं, भावंडांचं नाव घेऊन, तारीख सांगून दोन-तीन मिनिटं. मग माझं तोंड बघून तोच म्हणाला, “जाऊ दे रे, परत बोलतील.”

परत बोलायचं राहून गेलं. आपण बारावीला असताना ते गेले. मित्राने तो विषय पुन्हा कधी काढला नाही, मीही नाही. अल्बम शेवटपर्यंत ऐकावा, असं मी आज सगळ्यांना सांगतो, ते कुठून आलं हे त्याला ठाऊक आहे.

आता विनंती. ती कॅसेट माझ्याआधी वर्गात निदान तिघा-चौघांकडे फिरली होती. नक्कल करताना कुणी टेप चालू ठेवून जेवायला गेला असेल, तर तो आवाज अजून कुठल्यातरी माळ्यावर असेल. जुन्या कॅसेटी एकदा काढून बघा. मेळाव्याला मी चालू टू-इन-वन घेऊन येतो. ‘शिवकल्याण राजा’ लिहिलेली कॅसेट सापडली तर घेऊन या, आणि शेवटचं गाणं संपलं तरी बटण दाबू नका.