टेलिस्कोपचा फोकस सारखा घसरतोय? घरच्या घरी असा करा दुरुस्त

७ सप्टेंबर २०२५, खग्रास चंद्रग्रहणाची रात्र. पुण्यात आमच्या गच्चीवर ७० मिमीचा टेलिस्कोप, त्याला अडॅप्टरने लावलेला फोन आणि वर ढगच ढग. साडेअकराच्या सुमारास ढगांत फट पडली आणि तांबूस चंद्र दिसला. मी फोकस केला, नॉबवरून हात काढला आणि स्क्रीनवरचा चंद्र हळूहळू धूसर झाला. पुन्हा फोकस, पुन्हा धूसर. चार-पाच वेळा हेच झालं, तोवर फट बुजली. एकही धड फोटो मिळाला नाही.

आधी मी फोनच्या ऑटोफोकसला शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी कळलं की दोष दोन छोट्या स्क्रूंचा होता. दुरुस्तीला वीस मिनिटं लागली, खर्च शून्य. तुमचा टेलिस्कोप ‘भंगार निघाला’ म्हणून माळ्यावर टाकण्याआधी हे करून बघा.

फोकसर घसरतो म्हणजे काय होतं?

नॉब फिरवल्यावर जी नळी आत-बाहेर होते, ती फोकसरची ट्यूब. आयपीस किंवा फोन तिच्याच टोकाला बसतो. नुसता आयपीस हलका असतो, पण फोन साधारण २०० ग्रॅमचा, वर अडॅप्टरचं वजन वेगळं. त्यात चंद्र डोक्यावर असेल तर माझ्यासारख्या लेन्सच्या टेलिस्कोपमध्ये हे सगळं वजन ट्यूबला खाली ओढतं. पकड सैल असेल तर ट्यूब सरकणारच.

आणि ती किती सरकली तर बिघडतं? माझ्या टेलिस्कोपची फोकल लेंथ ७०० मिमी आहे, म्हणजे तो एफ/१०. त्यात ट्यूब नेमक्या जागेपासून साधारण ०.१ मिमी हलली तरी बारीक तपशील जायला लागतात. एफ/५ असेल तर ही मुभा आणखी चौपट कमी.

आधी दोष ओळखा

कोडमधला बग शोधताना आपण आधी तो पुन्हा घडवून बघतो. इथेही तेच. फोन काढून ठेवा, दिवसा सावलीत बसा, ट्यूब अर्धी बाहेर काढा आणि हाताने हलकेच ओढून बघा.

- ट्यूब सरकते आणि नॉबही आपोआप फिरतो: फोकसर दातेरी आहे (रॅक अँड पिनियन) आणि त्याचा ताण कमी आहे. स्वस्त टेलिस्कोपमध्ये बहुतेक वेळा हेच सापडतं.
- ट्यूब सरकते, पण नॉब जागेवरच राहतो: फोकसर बिनदातांचा, म्हणजे क्रेफर्ड आहे आणि त्याचा दांडा ट्यूबवरून निसटतोय.
- नॉब फिरतो, पण ट्यूब हलतच नाही: नॉब दांड्यावर सैल झालाय. नॉबवर बारीक स्क्रू असेल तर तो घट्ट करा.
- फिरवताना कटकट आवाज येतो: दाते एकमेकांवरून उडी मारताहेत. ताण वाढवूनही थांबलं नाही, तर दाते झिजलेत.

दातेरी फोकसरची दुरुस्ती

१. आयपीस, डायगोनल, फोन सगळं काढा. टेलिस्कोप आडवा ठेवा.

२. फोकसरवर हाताने फिरवायचा एक स्क्रू असतो. तो लॉक आहे, पूर्ण सैल करा. लॉक आवळून घसरणं तात्पुरतं थांबतं, पण आवळताना फोकस हलतो आणि मूळ दोष तसाच राहतो.

३. दोन्ही नॉबच्या मधोमध एक छोटी पट्टी दिसेल, दोन किंवा चार स्क्रूंनी बसवलेली. तीच पट्टी दातेरी चाकाला ट्यूबच्या दात्यांवर दाबून धरते.

४. हे स्क्रू आळीपाळीने, एका वेळी फेऱ्याचा आठवा भागच आवळा. प्रत्येक वेळी नॉब फिरवून बघा. एकच स्क्रू आवळत बसलात तर चाक तिरकं दाबलं जातं.

५. नॉब थोडा जड पण सलग फिरला पाहिजे. अडखळायला लागला तर थोडं मागे या. प्लास्टिकच्या फोकसरवर जोर लावू नका, आटे गेले की काम वाढतं.

ग्रीस काळं, चिकट झालं असेल तर कापडाला आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावून पुसा आणि अगदी थोडं नवीन ग्रीस लावा. शिलाई मशीनचं तेल नको, ते पातळ असतं आणि ओघळत लेन्सपर्यंत जातं.

क्रेफर्ड असेल तर

यात दाते नसतात. गुळगुळीत दांडा ट्यूबच्या सपाट भागावर दाबला जातो आणि घर्षणाने ती हलते. म्हणून इथे ग्रीस हाच शत्रू! दांडा आणि सपाट भाग अल्कोहोलने पुसून कोरडा करा. मग खालच्या बाजूचा ताणाचा स्क्रू थोडा थोडा आवळा. काही मॉडेलमध्ये तिथे दोन स्क्रू असतात, एक लॉकचा आणि एक ताणाचा. कोणता आवळल्यावर नॉब जाम होतो ते बघा, तो लॉक.

झालं की नाही, कसं तपासाल?

दिवसा दूरच्या मोबाइल टॉवरवर फोकस करा. टेलिस्कोप सूर्याच्या दिशेने चुकूनही नेऊ नका, डोळा कायमचा जाऊ शकतो. मग फोन लावून टेलिस्कोप रात्री ठेवता तसा वरच्या दिशेला करा, तेव्हा सूर्य मावळलेला असू द्या. ट्यूब जिथे आत शिरते तिथे ट्यूबवर कागदी टेपची कड जुळवून चिकटवा आणि पाच मिनिटं थांबा. कड हलली नाही तर काम झालं. हलली तर आणखी आठवा भाग आवळा.

ही तपासणी नेहमी फोन लावूनच करा. मी आधी नुसत्या आयपीसवर बघितलं होतं, तेव्हा सगळं ठीक वाटलं आणि ऐन ग्रहणात फसलो.

३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री भारतातून पुन्हा खग्रास चंद्रग्रहण दिसणार आहे, तेही पावसाळ्याबाहेर. माझे स्क्रू तयार आहेत. तुमचे आजच तपासून ठेवा.