नाग नदी आणि गोसीखुर्द

सीताबर्डीच्या बाजारात येताना पंचशील चौकातल्या पुलाखालून वाहणारी नाग नदी तुम्ही पाहिली असेल. नाला समजून नाकाला पदरही लावला असेल. हेच पाणी पुढे कन्हानमधून वैनगंगेत मिळते आणि पवनीजवळच्या गोसीखुर्द धरणात साठते. आज त्या धरणाविषयी बोलू.

२२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते धरणाचे भूमिपूजन झाले. तेव्हाचा अंदाजित खर्च ३७२ कोटी रुपये होता. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर जिल्ह्यांतली अडीच लाख हेक्टर जमीन भिजवायची होती. शेवटचे एक पाणी चुकले तर धान पोचट राहते, हे तुम्हाला आम्ही काय सांगावे!

नदीच्या पात्रात काँक्रीटचा सांडवा, त्याला ३३ दारे, आणि दोन्ही बाजूंना मातीची भिंत. सगळे मिळून लांबी अकरा किलोमीटरहून जास्त. भिंत फार उंच नाही, पण आपला भाग सपाट. अडवलेले पाणी आडवे पसरले आणि ऐंशीहून अधिक गावांना त्याची झळ बसली.

भिंत उभी राहिली, कालवे मात्र रखडले. डाव्या कालव्याचे अस्तर निकृष्ट निघाले, ते पुन्हा करावे लागले. खर्चाचा अंदाज अठरा हजार कोटींच्या वर गेला.

गावे उठली तेव्हा जमिनीचा मोबदला सातबाऱ्यावर नाव असलेल्याला. रोवणी बाईने केली, निंदण बाईने केले, पण सातबाऱ्यावर नाव बहुधा बापाचे, नाही तर नवऱ्याचे. मजुरीवर जगणाऱ्या बाईची तर रोजीच गेली आणि मोजणीत ती रोजी कुठे आलीच नाही. आमच्या मते या धरणाचा हा हिशेब अजून बाकी आहे. प्रकल्पग्रस्तांसाठी सुमारे १,२०० कोटींचे विशेष पॅकेज जाहीर झाले ते २०१३ साली. भूमिपूजनाच्या वेळी पाळण्यात असलेली मुलगी तोवर सासरी गेली होती.

आणि ज्यांनी जमीन दिली, त्यांच्याच दाराशी आता नागपूरचे सांडपाणी येऊन साचते. जलाशयात जाळे टाकणारे ढिवर, काठावर धुणे धुणाऱ्या बाया, पाण्यावर येणारी गुरे, सगळ्यांना तेच पाणी. नाग नदी स्वच्छ करण्याच्या सुमारे १,९०० कोटींच्या योजनेला केंद्राने मंजुरी दिली आहे. काठावरच्या गावांतल्या बचत गटांनी ग्रामसभेत पाण्याच्या तपासणीचा अहवाल मागावा. कागद हाती आला की सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून घ्यावा.