भाडेकरू गेला, सामान राहिले : घरमालकाने काय करावे, काय टाळावे

यवतमाळात पाटीपुरा, उमरसरा, वाघापूर, लोहारा या भागांत आपल्या समाजातल्या अनेकांनी घरावर एक-दोन खोल्या काढून भाड्याने दिल्या आहेत. भाडेकरूही बहुधा आपलेच असतात : पुसद, उमरखेड, घाटंजीकडून शिकायला आलेली मुले, कामासाठी आलेली कुटुंबे. 'आपलाच माणूस' म्हणून करार राहून जातो. मग एखादा भाडेकरू दोन महिन्यांचे भाडे थकवून निघून जातो, फोन लागत नाही आणि खोलीत पलंग, शेगडी, पुस्तके, एक कुलूपबंद पेटी उरते. अशा वेळी काय करावे, हे आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

सामान कोणाचे?

भाडेकरूचेच. भाडे थकले म्हणून त्याच्या वस्तू मालकाच्या होत नाहीत. त्या विकून भाडे वसूल करण्याचा हक्कही आपोआप मिळत नाही. थकबाकीसाठी अनामत रकमेतून करारानुसार वळती करणे किंवा न्यायालयात दावा लावणे हे मार्ग आहेत.

भारतीय न्याय संहितेचे कलम ३१४ दुसऱ्याची जंगम वस्तू अप्रामाणिकपणे आपलीशी करण्याबद्दल आहे. सापडलेली वस्तू सांभाळण्यासाठी किंवा परत देण्यासाठी ठेवली तर तो गुन्हा नाही. मात्र मालक माहीत असताना, किंवा त्याला शोधण्याचा, कळवण्याचा वाजवी प्रयत्न न करता आणि पुरेसा काळ न थांबता ती वापरली तर गुन्हा होऊ शकतो. पंचशीलातले दुसरे शीलही हेच सांगते : जे दिलेले नाही, ते घ्यायचे नाही.

आधी हे तपासा : खोली खरेच सोडली आहे का?

किल्ली परत आलेली नसेल तर भाडेकरू गावी गेला असेल, दवाखान्यात असेल. कायद्याच्या मार्गाशिवाय ताबा काढून घेतला तर विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ नुसार तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो. वीज-पाणी तोडून त्याला घालवणे हेही महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २९ नुसार चालत नाही. म्हणून 'खोली सोडली' असे त्याच्याकडून लेखी घ्यावे. व्हॉट्सॲपवरचा निरोपही कामी येतो. काहीच संपर्क नसेल तर कुलूप तोडण्याआधी वकिलाचा सल्ला घ्यावा.

खोली सोडल्याची खात्री झाल्यावर

१. शेजारचे दोन साक्षीदार बोलावून सामानाची यादी करा. वस्तू, संख्या, स्थिती लिहा. तारीख घालून सर्वांच्या सह्या घ्या. फोटो व व्हिडिओ काढा.

२. कुलूपबंद पेटी उघडू नका. मोबाइल, लॅपटॉप सुरू करू नका. 'एक पेटी, कुलूपबंद' अशीच नोंद करा.

३. सडणारे अन्न टाकून द्या, पण तशी नोंद ठेवा. गॅस सिलिंडर कंपनीचे असते. ते विकू नका. संशयास्पद वस्तू दिसली तर हात न लावता पोलिसांना कळवा.

४. सामान कोरड्या, कुलपाच्या जागी ठेवा. ठेवण्याचा खर्च झाला तर पावत्या जपा.

५. गावच्या पत्त्यावर पोचपावतीसह स्पीड पोस्टने नोटीस पाठवा; मोबाइलवरही पाठवा. मजकूर साधा असावा : 'आपले सोबतच्या यादीतील सामान माझ्याकडे सुरक्षित आहे. ३० दिवसांत येऊन घेऊन जावे. अडचण असल्यास कळवावे.' मुदत वाजवी असावी. मुलाची परीक्षा सुरू असेल तर थोडी वाढवावी.

६. भागाच्या पोलीस ठाण्यात यादीसह लेखी अर्ज देऊन पोच घ्या.

७. सामान नेताना यादीवर 'सर्व मिळाले' अशी सही घ्या. दुसरा कोणी न्यायला आला तर भाडेकरूचे लेखी पत्र मागा.

भाडेकरूचा मृत्यू झाला असेल तर सामान वारसांचे. जो पहिला येईल त्याला न देता कुटुंबातील सर्वांशी बोलून, सही घेऊनच द्यावे. वाद असेल तर वकिलाला विचारावे.

मुदत संपली, कोणी आले नाही

भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम १६९ सापडलेल्या वस्तूंबद्दल आहे. मालक प्रयत्न करूनही सापडत नसेल किंवा कायदेशीर खर्च देत नसेल आणि वस्तू नासण्याच्या बेतात असेल, किंवा तो खर्च किमतीच्या दोन-तृतीयांशांवर गेला असेल, तरच विक्रीची मुभा आहे. भाडेकरूच्या सामानाला हे कलम जसेच्या तसे लागू होईलच असे नाही. पण किती जपून वागावे, याचे माप त्यातून मिळते. किमती वस्तू विकण्याआधी वकिलामार्फत नोटीस द्यावी. विक्री झालीच तर हिशेब ठेवावा. उरलेली रक्कम भाडेकरूची.

कागद भंगारात देऊ नका

या मुद्द्यावर आम्ही मुद्दाम थांबतो. पलंग पुन्हा घेता येतो. पण अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या जात पडताळणीत १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या नोंदींना मोठे महत्त्व आहे. आजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकाची जुनी नक्कल, महसुली नोंद असे कागद शिकणारी मुले पेटीत, पुस्तकांच्या गठ्ठ्यात ठेवतात. ते रद्दीत गेले तर एका मुलाचा प्रवेश किंवा नोकरी अडू शकते, पुढे त्याच्या भावंडांचेही अडते. म्हणून उघड्यावर पडलेले कागद एका पिशवीत बांधून नाव लिहून ठेवा. मुदत संपली तरी ते टाकू नका. गावच्या पत्त्यावर घरच्यांना कळवा. कागदांना जागा फारशी लागत नाही.

पुढच्या वेळी

कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल तर वादात अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाऊ शकते. करारात गावचा पत्ता, घरच्या दोघांचे फोन नंबर आणि मागे राहिलेल्या सामानाची मुदत लिहून घ्या. स्वाधार योजनेवर राहणाऱ्या मुलाचा हप्ता लांबला तर भाड्याची मुदत कशी वाढेल, हेही आधीच ठरवा.

भाडेकरूंनीही खोली सोडताना किल्ली दिल्याची पोच घ्यावी. भाडे देता येत नसेल तर तसे सांगावे. लाजेपोटी पेटी सोडून पळू नये.

सल्ला कोठे मिळेल?

यवतमाळच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत सल्ला मिळतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि महिला उत्पन्न कितीही असले तरी या मदतीला पात्र आहेत. हेल्पलाइन : १५१००. घरमालक आणि भाडेकरू, दोघांनाही तेथे जाता येते.