पहिली चूक कोणाच्या देहावर?

बाळंतपण दिवसचे दिवस अडलं की बाळाच्या डोक्याच्या दाबाने मूत्राशय आणि योनीमार्ग यांच्यामधल्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो, तिथे भोक पडतं आणि लघवी अखंड गळत राहते. या फिस्टुलाच्या दुरुस्तीसाठी प्रसिद्ध झालेल्या जे. मॅरियन सिम्सने आपलं तंत्र घडवलं ते १८४५ ते १८४९ या काळात, अमेरिकेतल्या माँटगोमेरी गावी, गुलाम स्त्रियांवर आणि भूल न देता. त्यांतली तीनच नावं आज माहीत आहेत : अनार्का, बेट्सी, ल्युसी. मूत्राशयात ठेवलेल्या स्पंजामुळे ल्युसी मरता मरता वाचली. अनार्कावर सुमारे तीस वेळा शस्त्रक्रिया झाली, तेव्हा कुठे चांदीच्या तारेचा टाका टिकला. शिकाऊ हाताची पहिली चूक कोणी सोसायची, हा शस्त्रक्रियेच्या शास्त्रापुढचा मूळ प्रश्न आहे. आणि स्वेच्छेने दिलेला मृतदेह हेच त्याचं सर्वांत न्याय्य उत्तर आहे, असं माझं ठाम मत आहे.

सिम्सचे समर्थक म्हणतात की भूल तेव्हा नवी होती आणि त्या स्त्रियांनाही बरं व्हायचं होतं. पण ईथरने भूल देण्याचा जाहीर प्रयोग १८४६ सालीच झाला होता, आणि शस्त्रक्रिया त्यानंतरही १८४९पर्यंत चालल्या. बरं होण्याची इच्छा असेलही. पण नकार देण्याचा हक्कच जिला नाही, तिच्या होकाराला संमती म्हणता येत नाही.

मृतदेहाचा इतिहासही निष्कलंक नाही. एडिंबरामध्ये १८२८ साली बर्क आणि हेअर यांनी शवविच्छेदनासाठी विकायला म्हणून माणसं मारली. १८३२च्या ब्रिटिश कायद्याने हा बाजार मोडला, पण ओझं सरकलं ते बेवारस गरिबांवर. आपल्याकडच्या १९४९च्या मुंबई ॲनाटॉमी कायद्यानेही बेवारस देहांचाच आधार घेतला. म्हणून नुसता मृतदेह पुरेसा नाही. तो जिवंतपणी दिलेल्या शब्दातून आलेला असला पाहिजे.

मृतदेहातून रक्त वाहत नाही, टिकवण्यासाठी वापरलेल्या फॉर्मलिनने तो ताठरतो, मग त्यावर शिकून काय उपयोग, हा आक्षेप निम्मा खरा आहे. रक्तस्राव आवरायला जाणत्या सर्जनच्या हाताखालीच शिकावं लागतं. ताठरपणावर मात्र ग्राझच्या वॉल्टर थील यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या देह टिकवण्याच्या पद्धतीने उपाय दिला. तिच्यात ऊती मऊ आणि सांधे हलते राहतात. शिवाय अंग बाहेर येण्यावरच्या शस्त्रक्रियेत बरंचसं काम नजरेआड, बोटाच्या स्पर्शावर चालतं. आसनास्थीच्या काट्यापासून त्रिकास्थीकडे जाणाऱ्या बंधाला टाका घालताना मागेच महत्त्वाच्या नसा आणि रक्तवाहिन्या असतात. गोव्यात जन्मलेल्या आणि मुंबईत नावारूपाला आलेल्या डॉ. वि. ना. शिरोडकरांची गर्भाशय राखणारी स्लिंग शस्त्रक्रियाही मूत्रवाहिनी आणि मोठ्या रक्तवाहिन्यांच्या शेजारून जाते. ही अंतरं चित्रावरून पाठ होतात, पण बोटाला कळतात ती देहातच. सुश्रुताने विद्यार्थ्याला भोपळ्यावर छेद घ्यायला लावला, तरी मृतदेह स्वतः पाहण्याचा आग्रह सोडला नाही.

वैद्यकीय महाविद्यालयांनी देहदानाचे देह केवळ पहिल्या वर्षाच्या शरीररचनेपुरते न ठेवता स्त्रीरोग सर्जनांच्या सरावासाठीही राखावेत. आणि आपण, विशेषतः स्त्रियांनी, देहदानाचा अर्ज जिवंतपणी भरावा आणि घरच्यांना तसं स्पष्ट सांगून ठेवावं.