जांभळ्या रंगाच्या छटा : व्याख्या आणि नावे

लाल आणि निळा यांच्या दरम्यान येणाऱ्या रंगाला मराठीत जांभळा म्हणतात. हे नाव जांभूळ या फळावरून आले आहे. मात्र या एका शब्दात दोन वेगळे रंग सामावतात. वर्णपटाच्या टोकाला दिसणारा ‘व्हायोलेट’ आणि लाल-निळ्याच्या मिश्रणातून तयार होणारा ‘पर्पल’. डोळ्यांना ते सारखे वाटले, तरी भौतिकशास्त्राच्या दृष्टीने त्यांत मोठा फरक आहे.

वर्णपटातील जांभळा

‘तानापिहिनिपाजा’मधील शेवटचा ‘जा’ म्हणजे व्हायोलेट. त्याची तरंगलांबी साधारण ३८० ते ४५० नॅनोमीटर असते. दृश्य प्रकाशात सर्वांत कमी तरंगलांबी याच रंगाची. त्यापलीकडचे अतिनील किरण माणसाला दिसत नाहीत.

मिश्रणाचा जांभळा

पर्पल कोणत्याही एका तरंगलांबीच्या प्रकाशातून मिळत नाही. डोळ्यातील दृष्टिपटलावर तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात. लाल आणि निळा प्रकाश एकत्र पडला आणि हिरव्याचा वाटा कमी राहिला, की मेंदूला पर्पलची जाणीव होते. १९३१ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रदीपन आयोगाने रंगांचा नकाशा निश्चित केला. त्यात वर्णपटाचे शुद्ध रंग घोड्याच्या नालेसारख्या वक्र रेषेवर येतात. लाल आणि व्हायोलेट ही दोन टोके जोडणाऱ्या सरळ रेषेला ‘पर्पल रेषा’ म्हणतात. या रेषेवरचे रंग फक्त मिश्रणातूनच मिळतात.

छटा कशी ठरते?

कोणतीही छटा तीन गोष्टींवरून ठरते : रंग लालकडे झुकतो की निळ्याकडे, तो किती उजळ आहे आणि किती गडद किंवा मळकट आहे. अमेरिकेतील मन्सेल पद्धत याच तीन मोजमापांवर उभी आहे. तिच्या पाच मुख्य रंगांमध्ये लाल, पिवळा, हिरवा आणि निळा यांच्यासोबत पर्पलही आहे.

नावांमागचा इतिहास

• टिरियन पर्पल : भूमध्य समुद्रातील म्युरेक्स गोगलगायींपासून मिळणारा रंग. नाव टायर या प्राचीन बंदरावरून. १९०९ मध्ये पॉल फ्रीडलेंडर या रसायनशास्त्रज्ञाला १२,००० गोगलगायींतून जेमतेम १.४ ग्रॅम रंगद्रव्य मिळाले. हा रंग राजघराण्यांपुरता का राहिला, ते यावरून लक्षात येते.
• मोव्ह : १८५६ मध्ये लंडनमध्ये १८ वर्षांचा विल्यम पर्किन कृत्रिम क्विनाइन बनवू पाहत होता. ते जमले नाही, पण जांभळा कृत्रिम रंग हाती लागला. त्यामुळे जांभळे कापड सामान्यांच्या आवाक्यात आले. नाव एका फुलझाडाच्या फ्रेंच नावावरून पडले.
• मजेंटा : लालसर जांभळा. १८५९ मध्ये इटलीतील मजेंटा येथे झालेल्या लढाईवरून हे नाव मिळाले.
• लव्हेंडर : फिकट, निळसर छटा. त्याच नावाच्या फुलांवरून.

मराठीतही अशी नावे फळा-फुलांवरून व भाज्यांवरून आली आहेत. वांगी, अंजिरी, आमसुली, गुलबक्षी ही त्यांची उदाहरणे. यांचे ठरलेले मोजमाप नाही. म्हणून एका दुकानातील ‘वांगी’ साडी दुसऱ्या दुकानात ‘अंजिरी’ म्हणून विकली जाऊ शकते.

पडदा, छपाई आणि कापड

संकेतस्थळांच्या प्रमाण यादीत ‘पर्पल’ म्हणजे लाल १२८, हिरवा ०, निळा १२८. त्याच यादीतील ‘व्हायोलेट’ मात्र २३८, १३०, २३८ असा गुलाबीसर असतो. मोबाइलच्या पडद्यावर लाल, हिरवे आणि निळे असे तीनच प्रकारचे ठिपके असतात. त्यामुळे वर्णपटातील खरा व्हायोलेट तिथे दिसत नाही, त्याच्या जवळचे मिश्रण दिसते. छपाईत मजेंटा आणि निळसर शाई मिसळून जांभळा तयार होतो, म्हणून पडद्यावरची झळाळी कागदावर उतरत नाही.

दुकानातील दिव्याखाली जुळलेले साडी आणि ब्लाउजपीस उन्हात वेगळे दिसू शकतात. दोन कापडांतील रंगद्रव्ये वेगळी असली, की प्रकाश बदलताच त्यांची छटाही निरनिराळ्या प्रकारे बदलते. म्हणून जांभळा रंग जुळवताना नावावर विसंबू नये. कापडाचा तुकडा सोबत न्यावा आणि दिवसाच्या उजेडात पाहावा.