आश्रमाचा उंबरठा : एक मराठी ख्रिस्ती परंपरा आणि धर्मनिरपेक्षतेचा प्रश्न

१. मुदखेड–आदिलाबाद लोहमार्गावरचे भोकर हे माझे गाव. आमच्याकडचा माणूस नांदेडला गेला की केव्हा ना केव्हा हुजूर साहिबच्या लंगरात जेवतोच. डोके झाकायचे, हात धुवायचे, पंगतीत बसायचे. धर्म कोणी विचारीत नाही. इतिहास शिकू लागल्यावर या पंगतीने माझ्यापुढे एक प्रश्न ठेवला : राज्याला स्वतःचा धर्म नसलेल्या देशात एखाद्या धर्माच्या साधनागृहाचे काम काय? आज उत्तर शोधू या एका ख्रिस्ती आश्रमाच्या इतिहासात. थ्रेड मोठा आहे, सावकाश वाचा.

२. आधी संज्ञा. ख्रिस्ती परंपरेत 'रिट्रीट' म्हणजे रोजचा व्यवहार बाजूला ठेवून काही दिवस मौन, प्रार्थना आणि आत्मपरीक्षण यांत घालविणे. सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला यांनी या साधनेला क्रमबद्ध रूप दिले. आपल्याकडे या कल्पनेची गाठ पडली ती आश्रमाच्या कल्पनेशी, आणि महाराष्ट्रात ही गाठ घालणारा पहिला मोठा माणूस एक कवी होता.

३. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९). कोकणातील ब्राह्मण कुटुंबात जन्म, १८९५ मध्ये बाप्तिस्मा, त्यानंतर अमेरिकन मराठी मिशनमध्ये दीर्घ सेवा. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि सातारा येथे 'देवाचा दरबार' उभारला. या दरबाराचा एक नियम त्या काळात धाडसाचा होता : बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्तभक्त म्हणून येथे सभासद होऊ शकत.

४. या नियमाचा अर्थ नीट पाहा. मिशनच्या वहीत माणूस एक तर आत असे, नाही तर बाहेर. टिळकांनी मधला उंबरठा मान्य केला. घरदार, जात, नाव न सोडताही माणूस येऊन बसू शकतो, भजन ऐकू शकतो, प्रश्न विचारू शकतो. दोनच वर्षांत टिळक गेले आणि दरबार फार टिकला नाही. पण बीज नगरमध्ये एका इंग्रज पाद्र्याच्या मनात पडले होते.

५. त्यांचे नाव जॅक विन्स्लो. अँग्लिकन मिशनरी, टिळकांचे चाहते आणि पुढे त्यांचे इंग्रजी चरित्रकार. मिशनच्या बंगल्यातला साहेब आणि अंगणात उभा असलेला मराठी ख्रिस्ती, हे अंतर त्यांना खुपत होते. १९२२ मध्ये त्यांनी काही भारतीय सहकाऱ्यांसह नगर जिल्ह्यात 'ख्रिस्त सेवा संघ' स्थापन केला. खादीचा वेश, जमिनीवर बसून भारतीय पद्धतीचे भोजन, आणि इंग्रज व भारतीय सभासदांचा समान दर्जा ही त्याची राहणी होती.

६. आज ही गोष्ट साधी वाटेल. पण असहकार चळवळ नुकतीच होऊन गेलेल्या काळात राज्यकर्त्या वंशाच्या माणसाने खादी नेसून मराठी माणसाच्या शेजारी पानावर बसणे ही राजकीय कृती होती. विन्स्लो एकटे नव्हते : १९२१ मध्येच तमिळ प्रदेशात तिरुप्पत्तूर येथे 'ख्रिस्तकुल आश्रम' सुरू झाला होता. सोबत बसून जेवण्याचा प्रश्न तेथेही मुळाशी होता.

७. १९२७ च्या सुमारास संघ पुण्यात शिवाजीनगरला आला. त्याच वर्षी नोव्हेंबरात ऑक्सफर्डचा पंचवीस वर्षांचा एक तरुण तेथे राहायला आला. तो म्हणजे व्हेरियर एल्विन, बिशपचा मुलगा. १९२८ च्या जानेवारीत तो साबरमतीला गेला, गांधीजींना भेटला, आणि प्रार्थनेसाठी आलेला हा साधक हळूहळू राष्ट्रीय चळवळीचा पाठीराखा झाला. १९३० मध्ये त्याने ख्रिस्त आणि सत्याग्रह यांचे नाते सांगणारी पुस्तिका लिहिली. १९३१ मध्ये विन्स्लोंसह भारतीय स्वातंत्र्याच्या बाजूने ग्रंथ लिहिला.

८. सरकारला हे रुचणे शक्य नव्हते. १९३२ मध्ये वायव्य सरहद्द प्रांतातील दडपशाहीची माहिती घेण्यासाठी एल्विन तेथे गेला, तेव्हा त्याला प्रांताबाहेर काढण्यात आले. पुढे इंग्लंडहून भारतात परतण्याची परवानगी मिळाली ती राजकारणात भाग न घेण्याची हमी दिल्यावरच. तोवर त्याने संघही सोडला होता. संघातच भेटलेले मराठी सहकारी श्यामराव हिवाळे यांच्यासह तो मंडला जिल्ह्यातील करंजिया येथे गोंडांमध्ये राहू लागला. पुढचा मानववंशशास्त्रज्ञ एल्विन तेथे घडला.

९. एकांतवासाचे घर हे जगापासून पळण्याचे ठिकाण असते, असा सर्वसाधारण समज आहे. पुण्याच्या या घराने काहींना उलट जगात ढकलले. मराठवाड्याच्या वाचकाला हे नवल वाटू नये. निजामाच्या राज्यात लोकशाहीसाठी लढा उभारणारे स्वामी रामानंद तीर्थ हे १९३२ मध्ये दीक्षा घेतलेले संन्यासीच होते. भगव्या वस्त्रातल्या माणसाने धर्माधिष्ठित राज्याऐवजी सर्वांचे राज्य मागितले. नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. त्या नावाचा हा अर्थ आपण क्वचितच आठवतो.

१०. १९३४ मध्ये संघ विभागला गेला आणि पुण्यातील शाखा 'ख्रिस्त प्रेम सेवा संघ' म्हणून उरली. तिचे आचार्य विल्यम लॅश १९४७ मध्ये मुंबईचे बिशप झाले. मग संविधान आले. अनुच्छेद २५ ने सदसद्विवेकबुद्धीचे, धर्म पाळण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा हक्क येत नाही. आता आश्रमापुढे नवा प्रश्न होता. परकी राज्यकर्ता गेला. मग आपले प्रयोजन काय?

११. उत्तर दिले स्त्रियांनी. १९६२–६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर कॅथलिक चर्च अन्य धर्मांशी संवादाची भाषा बोलू लागले होते. १९७२ मध्ये अँग्लिकन आणि कॅथलिक संन्यासिनींनी मिळून पुण्याचा आश्रम 'ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम' या नावाने पुन्हा सुरू केला. दोन पंथांच्या भगिनींनी एका छताखाली राहणे हेच तेव्हा नवे होते. पारशी घरात जन्मलेल्या वंदना माताजी आणि शांकर वेदान्ताच्या अभ्यासक सारा ग्रँट या त्यांतील प्रमुख. बायबलसोबत उपनिषदांचे वाचन, ध्यान, आणि कोणत्याही धर्माच्या पाहुण्याला मुक्काम, असा तेथील क्रम होता.

१२. आता आक्षेप, कारण ते गंभीर आहेत. पहिला हिंदू टीकाकारांचा : भगवी वस्त्रे, 'आश्रम', 'आचार्य' हे सारे उसने घेऊन तुम्ही धर्मांतराचे जाळे तर विणत नाही ना? सीताराम गोयल यांनी १९८८ मध्ये कॅथलिक आश्रमांवर पुस्तकच लिहिले. हा संशय केवळ द्वेषातून येतो असे म्हणून तो झटकता येणार नाही. मिशन आणि साम्राज्य एकत्र नांदल्याची स्मृती त्यामागे आहे.

१३. दुसरा आक्षेप घरातला, आणि मला तो अधिक जड वाटतो. नगर आणि मराठवाड्यातील बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबे पूर्वाश्रमीच्या महार-मांग समाजांतून आली. १९८०च्या दशकात अरविंद निर्मल या मराठी धर्मचिंतकाने दलित धर्मचिंतनाचा पाया घातला. त्या दृष्टीतून प्रश्न उभा राहतो : भारतीय होणे म्हणजे संस्कृत आणि वेदान्तच का? ज्या परंपरेने आमच्या आज्याला वेशीबाहेर ठेवले, तिचीच भाषा प्रार्थनेत पुन्हा का आणता? पोतराजाचा, वाघ्या-मुरळीचा, वामनदादांच्या गाण्याचा भारत या ध्यानगृहात कुठे आहे?

१४. म्हणजे उंबरठा ओलांडणे सोपे केले, तरी तो कोणासाठी सोपा झाला हे पाहावेच लागते. उपनिषदे वाचलेला शहरी पाहुणा सहज आत आला. नगरच्या खेड्यातला ख्रिस्ती शेतमजूर तेथे किती सहज बसला असता? इतिहासाच्या विद्यार्थ्याने या घराचे कौतुक करावे, पण हा प्रश्न विचारल्यावाचून पुढे जाऊ नये.

१५. तरीही माझे मत त्या घराच्या बाजूने झुकते. संविधान मला माझ्या शेजाऱ्याच्या धर्मापासून आणि त्याला माझ्या धर्मापासून संरक्षण देते. पण आमची ओळख करून देणे हे न्यायालयाचे काम नाही. ती ओळख कुठे तरी एकत्र बसून, जेवून, गप्प राहून व्हावी लागते. अशी जागा धर्मसंस्थेची असली तरी चालते. अट एकच : आलेल्या माणसाला जसा आला तसाच परत जाण्याची पूर्ण मोकळीक हवी. टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्यात ठेवलेला नियम हाच होता.

१६. मित्रहो, तुमच्या गावात अशी जागा आहे का? मठ, दर्गा, गुरुद्वारा, विहार, चर्च, काहीही. जेथे परका माणूस न बदलता दोन दिवस राहू शकतो. तिचा इतिहास वृद्धांना विचारून लिहून ठेवा. आणि विचारताना हेही विचारा की पन्नास वर्षांपूर्वी तेथे कोणाला आत येता येत नव्हते.