उत्तनच्या चर्चमधलं तेल आणि बाटलीतली अरोमाथेरपी

आजच्या भागात आपण भाईंदर पश्चिमेहून पार टोकाला, उत्तनच्या किनाऱ्यावर जाणार आहोत. विषय आहे सुगंधी तेलांचा. हल्ली ‘बायबलमधली तेलं’ म्हणून छोट्या बाटल्या विकतात. वास घ्या, बरे व्हा, असं सांगतात. ही खरंच जुनी ख्रिस्ती परंपरा आहे का?

आधी शब्द पाहू. ‘अरोमाथेरपी’ हे नाव फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गातफोसे यांनी रूढ केलं. त्यांचं त्याच नावाचं पुस्तक १९३७ सालचं. बाटलीतला अर्क बहुतेक वेळा वाफेवर काढलेला असतो. बायबलमधली, निर्गमाच्या ३०व्या अध्यायातली कृती वेगळी आहे: ५०० शेकेल गंधरस, २५० दालचिनी, २५० सुगंधी वेखंड, ५०० तज आणि एक हिन ऑलिव्ह तेल. म्हणजे सुगंधी द्रव्यं तेलात उतरवायची, आपल्याकडे माक्याचं तेल करतात ना, साधारण तसं. आणि तिथंच ताकीद आहे की हे तेल घरच्या वापरासाठी करायचं नाही!

दुसरी गोष्ट योहानाच्या शुभवर्तमानातली. बेथानीला मरिया येशूच्या पायांना जटामांसीचं तेल लावते आणि घरभर सुवास पसरतो. किंमत ३०० दिनार. मजुराला तेव्हा दिवसाला एक दिनार मिळे, म्हणजे जवळपास वर्षाची कमाई. ही जटामांसी हिमालयातली. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात भडोचहून जाणाऱ्या मालात तिचं नाव आहे. त्याच ग्रंथात सोपाराही येतो, आपल्या खाडीपलीकडचा.

मग १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली. या पट्ट्यात चर्चेस उभी राहिली आणि त्यांच्याबरोबर तेलाचे संस्कारही आले. नियम ऑलिव्ह तेलाचा, आणि आपल्याकडे ऑलिव्ह पिकत नाही! म्हणजे ते बाहेरूनच यायला हवं. १९७२ साली पोप सहावे पॉल यांनी आजाऱ्यांच्या संस्कारासाठी, ऑलिव्ह मिळत नसेल तिथं दुसरं वनस्पती तेल चालेल असं ठरवलं. म्हणजे आपलं खोबरेलही नियमात बसतं.

उत्तन मुंबईच्या धर्मप्रांतात येतं. दरवर्षी ईस्टरच्या आधी आर्चबिशप तीन तेलं तयार करतात आणि ती गावोगावच्या चर्चेसना जातात. त्यातल्या एकातच, क्रिझममध्ये, बाल्सम हे सुगंधी द्रव्य मिसळतात. ते बाप्तिस्म्याला, दृढीकरणाला आणि नव्या धर्मगुरूच्या हातांना लावतात. आजाऱ्याला लावायचं तेल मात्र साधं असतं, त्यात बाल्सम नसतं! म्हणजे ज्या तेलाचा आजाराशी संबंध, त्यालाच मुद्दाम सुगंध दिलेला नाही. तिथं महत्त्व आहे प्रार्थनेला आणि माणसाच्या स्पर्शाला.

पूर्वी याला ‘शेवटचा संस्कार’ म्हणत, म्हणून घरचे लोक फादरना बोलवायला घाबरत. फादर आले म्हणजे संपलं! १९६३ साली व्हॅटिकन परिषदेनं स्पष्ट केलं की हा फक्त मरणाऱ्यांचा संस्कार नाही. आजार गंभीर झाला की तेव्हाच तो घ्यावा. तेव्हा मंडळी, घरात कुणी फार आजारी असेल तर डॉक्टरांचे उपचार चालू ठेवा आणि फादरनाही वेळेवर बोलवा. बाटली घ्यायची तर वासासाठी घ्या, बायबलच्या नावावर नको.

भेटू पुढच्या भागात.